कोरडे उत्तरीय

कृतयुग सरत आले होते आणि नद्या अडवण्याची विद्या मानवाला नुकतीच अवगत झाली होती, तेव्हाची ही कथा. शुभ्रोदा नदीच्या उगमापाशी, अर्जुनवृक्षांच्या गर्द छायेत महर्षी वास्तुमेधांचा आश्रम होता. तेथे वेदघोषाच्या जोडीला शिळांवर टाकीचे घाव ऐकू येत. कारण सेतू, तट आणि बंधारे रचण्याची विद्या या एकाच आचार्यांपाशी होती. त्यांची परीक्षा मोठी कडक. शिष्याचा बंधारा पुरा झाला की आचार्य आपले शुभ्र उत्तरीय भिंतीच्या खालच्या अंगाला दाबून धरीत. वस्त्र ओलावले तर पुन्हा बारा वर्षे अध्ययन. कोरडे राहिले तर तेच शिष्याच्या खांद्यावर पडे.

ऋतकेतू हा त्यांचा सर्वांत लाडका शिष्य. भूरितेज राजाच्या जलविहारासाठी त्याने शुभ्रोदेवरच बंधारा घातला. आचार्यांनी उत्तरीय दाबले. टिपूसही नाही! म्हाताऱ्याचा ऊर भरून आला.

तोच नदीच्या रित्या पात्रातून एक वृद्धा रिकामी घागर घेऊन वर आली.

"वस्त्र कोरडे राहिले ना, आचार्य?" ती म्हणाली. "खाली तीन गावांचे गळेही असेच कोरडे पडले आहेत. ते पाहायला कधी आलात?"

ऋतकेतू गोंधळला. "माते, भिंतीत उणीव असेल तर दाखव, मी ती दूर करीन. खाली कोण राहते, हे मला कधी कोणी विचारलेच नाही."

पोर खरे तेच बोलले, आणि म्हणूनच ते आचार्यांच्या काळजात रुतले. विचारायचे कोणी? बारा वर्षे त्याला समोर बसवून शिकवले कोणी?

वृद्धेचे रूप पालटले. साक्षात शुभ्रोदा हात उंचावून गर्जली, "ज्या हातांमुळे माझी लेकरे तहानेने तडफडली, ते हात आत्ता गळून—"

"थांब, देवी!" आचार्य शिष्याच्या पुढे उभे राहिले. "हे हात मी घडवले. पाणी कसे अडवावे ते शिकवले. ते कोणाचे अडते, हे शिकवायचे मला सुचलेच नाही. शाप माझा आहे, मला दे."

"तर ऐक. या वस्त्राइतकाच तुझा कंठ कोरडा राहील. तुझा शिष्य खालच्या लोकांच्या दारी जाऊन येईल आणि त्यांची नावे तुला सांगेल, तेव्हाच गावामागे एक घोट तुझ्या घशाखाली उतरेल."

ऋतकेतूने रडत रडत आपल्याच भिंतीवर पहार घातली. पाणी धावले. मग त्या पाण्याच्या काठाकाठाने तो खाली गेला आणि सातव्या दिवशी परतला. आचार्य भरलेली तीन पात्रे पुढ्यात घेऊन बसले होते.

पहिल्या गावाची नावे त्याने सांगितली. आचार्यांनी एक घोट घेतला. दुसऱ्या गावाची सांगितली. आणखी एक.

"आणि तिसरे?"

"तिथे नावे सांगायला कोणी उरले नव्हते, आचार्य."

तेव्हापासून त्या परंपरेत खालच्या गावांची नावे म्हटल्यावाचून पहिली शिळा बसत नाही. नावे संपली की एक भरलेले पात्र काठावर ठेवतात. त्याला कोणी हात लावीत नाही.