निळी टोपी, सात नंबर

"शिट्टी वाजलीच नाही, वस्ताद. मग चूक कुणाची?"

दस्तगीर वस्ताद बारवेच्या पायरीवर बसून तेलाच्या रिकाम्या डब्याला दोरी बांधत होते. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीवर बांधायचा डबा. त्यांनी दोरी ताणून पाहिली. मान वर केली नाही.

संघाचा कप्तान रणधीर उभाच राहिला. हातात वॉटरपोलोची पांढरी टोपी होती, कान झाकणारी, हनुवटीखाली नाड्या बांधायची. विभागीय क्रीडा महोत्सवातला अंतिम सामना संध्याकाळी होता. अंतिम सामन्याआधी कप्तानाच्या टोपीची गाठ वस्तादांनी स्वतःच्या हाताने मारायची, हा संघाचा जुना रिवाज. त्या गाठीवाचून संघ कधी पाण्यात उतरला नव्हता. आजही उतरणार नव्हता.

कालच्या उपांत्य सामन्यात रणधीरने समोरच्या संघातल्या एका पोराला गोलापुढे पाण्याखाली दाबून धरलं होतं. पोरगा वर आला तो दुसऱ्यांच्या हातांवर. आज सकाळी दवाखान्यात तो वारला.

संयोजकांनी तातडीने बैठक घेतली. पोराचं हृदय मुळातच कमजोर असावं, असं एकमताने ठरलं. बैठकीत डॉक्टर कुणी नव्हता. मग दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. त्यातलं दुसरं मिनिट जरा आखूड निघालं, कारण प्रमुख पाहुण्यांना फेटा बांधायचा राहिला होता.

"बस की," वस्ताद म्हणाले. "नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

वस्तादांनी दोरीचा आणखी एक वेढा घातला.

"निळी टोपी," रणधीर म्हणाला. "सात नंबर."

वस्तादांनी डबा मांडीवर फिरवला.

"मला वाटलं, सोंग करतोय. पेनल्टी मिळवायला सगळेच बुडायचं सोंग करतात. ते ओळखायला तुम्हीच शिकवलंत."

"काय शिकवलं?"

"सोंग करणारा ओरडतो. हात वर करतो. पंचाकडे बघतो."

"हा ओरडला?"

रणधीरने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"पाणी फेसाळलं होतं... नुसता गोंधळ..."

"ओरडला का?"

"नाही."

बारवेच्या कोनाड्यात एक पारवा फडफडला आणि पुन्हा गप्प झाला.

"तुम्हीच सांगितलंत," रणधीरचा आवाज चढला. "शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही. थांबवणं पंचाचं काम, धरणं आपलं. पहिल्या दिवसापासून आम्ही हेच ऐकतोय. तुमचं ऐकलं म्हणून तर मी..."

"हो," वस्ताद म्हणाले. "मीच सांगितलं."

रणधीर जरा गडबडला. येताना रस्ताभर त्याने वादाची तयारी केली होती. वस्ताद नाकारतील आणि आपण त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवू, असा बेत होता.

"मग गाठ बांधताय ना?" तो म्हणाला. "पोरं वर गाडीत खोळंबलीत."

वस्तादांनी डबा बाजूला ठेवला. सदरा काढून त्याची घडी केली. गळ्यात त्यांची जुनी पितळी शिट्टी होती. कठडा धरत ते एकेक पायरी उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले.

"ये."

रणधीर टोपी घेऊनच उतरला. पुढचं त्याला ठाऊक होतं. असल्या गोष्टी त्याने शाळेत ढीगभर ऐकल्या होत्या. गुरू शिष्याचं डोकं पाण्यात दाबतो, शिष्याची घुसमट होते, त्याला ज्ञान होतं, आणि दोघं ओल्या अंगाने घरी जातात. गाठ मिळणार असेल, तर सोबत थोडं ज्ञान घ्यायलाही त्याची हरकत नव्हती. त्याने गुपचूप छाती भरून श्वास घेतला.

वस्तादांनी त्याचा उजवा पंजा धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"दाब."

"अं?"

"काल दाबलंस तसं. शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही."

"पण वाजवणार कोण?"

वस्ताद खाली गेले होते. शिट्टीही त्यांच्याबरोबर गेली होती.

रणधीरने दाबून धरलं. वस्तादांचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. पांढरे केस त्याच्या बोटांमधून हलत होते. बुडबुडे आले. मग विरळ झाले. म्हाताऱ्याचा दम मोठा, हे सारं गाव जाणून होतं. परीक्षा बघतायत, रणधीरने स्वतःला सांगितलं. आता हात वर करतील. आता सोंग करतील.

हात वर आले नाहीत.

तळव्याखाली एक हिसका बसला. आखूड, तिरका. मग थांबून आणखी एक, पहिल्याहून हलका.

तो हिसका रणधीरच्या ओळखीचा होता. काल याच तळव्याला तो लागला होता. आणि काल त्याने जोर वाढवला होता.

"वस्ताद!"

टोपी टाकून त्याने दोन्ही हात पाण्यात घातले, म्हाताऱ्याला बगलांत धरून वर ओढलं आणि पायरीवर आणून टेकवलं. वस्तादांचे ओठ काळेनिळे झाले होते. नाकातोंडातून पाणी आलं. मग ते खोकायला लागले. खोकला बराच वेळ थांबेना.

वरून गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. टोपी नाड्या पसरून बारवेच्या मध्याकडे तरंगत निघाली होती. तिच्यामागे कुणी गेलं नाही.

"गेला असतात तुम्ही," रणधीर रडत होता. "वस्ताद... माझ्या हातून... गेला असतात..."

वस्तादांनी शिट्टी उलटी करून तिच्यातलं पाणी झटकलं.

"शिट्टी वाजली नव्हती," ते म्हणाले. "मग का सोडलंस?"