दूध कोण पितं?

ढवळी गाय घसा कोरडा पडेस्तोवर खरं सांगत होती, पण तिचं कोणी ऐकेल तर शपथ. जनावरं माणसांसारखीच भांडायची, तेव्हाची ही गोष्ट.

रोज सकाळी ढवळीचे सड रिकामे निघायचे. बांडी शेळीने बोंब ठोकली, "परसात गोवऱ्यांच्या ढिगाखाली धामण राहते ना, तीच पायांना विळखा घालून दूध पिते!"

"अगं बये, पाय माझे, सड माझे. विळखा घातला तर मला कळायचं नाही? माझंच वासरू दावं सोडवून पितं," ढवळी म्हणाली.

"साप भूल घालतो. तुला काय कळतंय, भोळसट कुठली!"

धामण बापडी उंदीर खाऊन पडून राहायची, विषाचा थेंब नाही तिच्यात. काळू कुत्र्याने ढीग उकरला आणि तिला कुंपणापार हुसकून लावलं. दूध जायचं ते जातच राहिलं.

थोड्याच दिवसांत उंदरांनी पेंडीची पोती फोडली. बांडीपुढे रिकामं घमेलं आलं.

"मेले उंदीर! इतकी वर्षं कुठं होते हे?"

"धामणीच्या पोटात," ढवळी म्हणाली.

काळूने शेपूट पायात घातली. मग बांडी शिंगं रोखून पुढे आली.

"एवढं ठाऊक होतं, तर तेव्हा जरा जोरात सांगायला काय झालं होतं तुला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. उपाशी पोटी कुणाला तरी धरावंच लागतं. गुन्हेगाराचं नाव एकमताने ठरलं: ढवळी.