काठी पोचेल तिथवर

फार फार वर्षांमागची गोष्ट. हिवाळ्यात पाण्याचे रांजण तडकायचे अशा एका डोंगरी मुलखात एक राजा होता. मनाने चांगला, पण हाताने घट्ट. रयतेला ऊब मिळावी म्हणून त्याने खजिना उघडला आणि दवंडी पिटवली, "घराघराला आतून फळ्यांची दुसरी भिंत घाला, मधल्या पोकळीत लोकर ठासा. जो सगळ्यांत कमी मोल सांगेल, मक्ता त्याचा!"

त्या मुलखात एक म्हातारा मक्तेदार राहत होता. त्याचं काम म्हणजे शंभर नंबरी. पण तीन वर्षं तो दरबारात खरं मोल सांगे आणि तीन वर्षं हात हलवत परत येई. मक्ता दुसरेच नेत. त्यांना परवडतं तरी कसं? तेही त्याला कळलं. काम तपासणारा अंमलदार ढेरपोट्या, वाकायचं नाव नाही! छातीच्या उंचीवर काठी ठोकायचा, आवाज भरीव आला की शिक्का मारायचा. मग काय, हे लोक पोकळीत एक आडवी फळी ठोकत आणि तिच्यावर हातभर लोकर ठेवत. खाली नुसता वारा.

चौथ्या वर्षी म्हाताऱ्याचे गडी दारात येऊन उभे राहिले. "मालक, घरात चूल पेटत नाही. तुमचा खरेपणा चाटून पोट भरतं का?"

म्हातारा कळवळला. त्या वर्षी त्याने सगळ्यांत कमी मोल सांगितलं. मक्ता मिळाला, तोही त्याच्या लेकीच्या सासरगावचा. लेक त्या गावची सुईण होती.

लेकीचं घर त्याने आधी घेतलं. जमिनीपासून आढ्यापर्यंत स्वतःच्या हाताने लोकर ठासली. लेक म्हणाली, "बाबा, शेजारच्या कुंभारणीचं घरही असंच करा हं. बिचारीचा नवरा गेला, आणि आता दिवस भरत आलेत."

"हो गं पोरी, असंच करतो," म्हातारा म्हणाला. तिच्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं. आणि कुंभारणीच्या भिंतीत त्याने आडवी फळी ठोकली.

लोकहो, तो वाईट माणूस नव्हता. म्हणूनच तर जीव तुटतो. अंमलदार आला, काठी ठोकली, शिक्का मारून गेला.

पौषात बर्फाचा वारा सुटला. तीन दिवस कुणाला दार उघडता येईना. म्हातारा आपल्या गावी शेकोटीशी बसून म्हणत होता, "माझ्या पोरीला कसली भीती? तिची भिंत पक्की आहे."

चौथ्या दिवशी वारा पडला आणि तो लेकीकडे निघाला. घर उबदार होतं, पण रिकामं. जावई मेंढरं घेऊन खालच्या मुलखात गेलेला. समोरची म्हातारी म्हणाली, "ती होय? कुंभारणीला कळा लागल्या तेव्हाच तिकडे गेली. मग वाऱ्यात अडकली."

म्हातारा धावत सुटला. कुंभारणीच्या घरात जमिनीवर तिघं होती. बाळंतीण जिवंत होती. तिच्या कुशीतलं बाळही जिवंत होतं. आणि त्यांच्या अंगावर वारा येऊ नये म्हणून भिंतीला पाठ लावून पडलेली त्याची लेक लाकडासारखी ताठ, थंडगार झाली होती. तिच्या अंगावरची घोंगडी तळाच्या फटींत कोंबलेली होती.

कुंभारीण रडत म्हणाली, "सारखी म्हणत होती, दम धर गं, माझ्या बाबांच्या हातची भिंत आहे, आत्ता ऊब येईल."

म्हाताऱ्याने ती भिंत नखांनी उचकटली. मग फाटक्या हातांनी दरबारात जाऊन उभा राहिला. "महाराज, मी चोर आहे. पण भिंतीच्या छातीवर काठी ठोकून बघू नका. तुमची रयत जमिनीवर निजते."

राजाने मान खाली घातली आणि अंमलदाराची ती काठी मागवून मोडली. म्हाताऱ्याने उरलेलं आयुष्य त्या गावची एकेक भिंत उघडून तळापर्यंत भरण्यात घालवलं. लेकीच्या घराला मात्र काही करायचं उरलं नव्हतं. ते उबदारच होतं.

तात्पर्य: आपल्याच माणसापुरता राखलेला खरेपणा आपल्या माणसालाही वाचवत नाही.