एकदाच विचारणारे उमेदवार

“पण मग साइट पडलीच कशी, ताई?”

उषाताई खोब्रागडे अंगणात बसून अंबाडी निवडत होत्या. वेबसाइटवर आधी खोटी गर्दी सोडायची, ती कुठे मोडते ते शोधायचं आणि मगच खरी माणसं आत घ्यायची, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं होतं. विचारणारा सारंग वैरागडे त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

साइट नर्सिंगच्या प्रवेशाची होती. ज्या मुलीचा अर्ज आधी पोचेल तिला जागा, असा नियम. काल सकाळी साइट उघडली आणि कपातला चहा निवायच्या आत आडवी झाली. उद्या सकाळी ती पुन्हा उघडायची होती.

काल मदतीच्या फोनवर सारंग स्वतः बसला होता. गडचिरोलीकडची एक मुलगी एवढंच विचारत होती, “दादा, माझं नाव गेलं का आत?”

त्याला सांगता आलं नव्हतं. ते त्याला फार लागलं होतं.

“टेस्ट केली होती नं?” उषाताईंनी विचारलं.

“केली म्हणजे? याच्या दुप्पट गर्दी सोडली होती मी. सगळे आत गेले. एकही अडकला नाही.”

“कसे आहेत तुझे उमेदवार?”

“कसे म्हणजे?”

“स्वभावानं.”

सारंगला हसू आलं. “ताई, प्रोग्राम आहेत ते! लॉगिन करतात, फॉर्म भरतात, बटण दाबतात, उत्तर येईपर्यंत थांबतात.”

“थांबतात?”

“थांबतात.”

“मोठी गुणी लेकरं आहेत रे.”

आपला तो बाब्या असतोच. सारंगला ही थट्टा कळलीच नाही, उलट तो सुखावला.

“तेच तर म्हणतो मी. टेस्टमध्ये काही चूक नाही. मग काल माशी शिंकली कुठे?”

उषाताईंनी एक जून पान बाजूला टाकलं.

…

“ताई, माशी शिंकली कुठे?”

त्यांनी दुसरी जुडी सोडली. देठ खुडू लागल्या.

…

“ताई, ऐकून राहिल्या का? काल माशी शिंकली कुठे, विचारतो मी!”

…

आता मात्र तो उठला. पुढ्यात येऊन उकिडवा बसला आणि भाजीचं ताटच त्यानं आपल्याकडे ओढलं.

“ताई! कुठे शिंकली?”

“किती प्रश्न होते रे तुझे?”

“एकच!”

“मला चार आले.”

हातातलं ताट सारंगनं हळूच खाली ठेवलं.

“त्या पोरी… दाबत राहिल्या बटण,” तो म्हणाला. “समोर काहीच दिसेना, म्हणून परत दाबलं. रिफ्रेश केलं. घरातल्या दुसऱ्या फोनवरून पाहिलं. एकेका पोरीच्या दहा-दहा पोरी झाल्या. आणि माझे उमेदवार एकदा विचारून गप्प बसलेले.”

उषाताईंचा या पोरावर जीव होता. त्यांनी ताट परत आपल्याकडे ओढून घेतलं.

सारंगनं लगेच मांडीवर लॅपटॉप उघडला. गर्व उतरला तरी घाई उतरायला वेळ लागतो. “आत्ताच्या आत्ता सगळ्यांना उतावळे करतो. उत्तर आलं नाही की परत दाबतील असे. आज माझ्याच हातानं पाडतो साइट. मग सर्व्हर वाढवतो.”

“वाढव.”

त्याची बोटं चालली, मग मंदावली, मग थांबली.

“पण ताई, कितीही वाढवले तरी ज्यांना क्षणभर उशीर होईल त्या दाबणारच. त्या दाबतील तसा अजून उशीर होईल. पुन्हा कालचंच…” त्याचा आवाज उतरला. “एखादीची जागा जाते हो अशानं. वर्ष जातं तिचं. उद्या त्यांना थांबवायचं कसं?”

उषाताईंनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात टेकवून उठल्या.

“ऐकलं रे बाप्पा, ऐकलं. सांगते तुला. आधी भाजी शिजायला टाकते. तोवर बस इथंच, जेवूनच जाशील.”

त्या आत गेल्या.

अंबाडी शिजायला वेळ घेते. आतून भांड्यांचे आवाज येत राहिले. मग लसणाची फोडणी चुरचुरली. सारंग पायरीवर बसून होता. थोड्या वेळानं त्यानं उरलेली जुडी पुढे ओढली आणि जमेल तशी निवडू लागला. जून पानं भाजीत आणि कोवळी कचऱ्यात जात होती, पण मन लावून काम चाललं होतं.

उन्हं ओट्यावरून खाली उतरली.

उषाताई पदराला हात पुसत दारात आल्या. त्याच्यासमोरचा तो उलटा ढीग पाहून हसल्या. तो मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिला, अगदी निवांत.

“काय रे,” त्या म्हणाल्या, “या वेळी का नाही विचारलं परत?”