बकुळाची बारमाही सनई

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. राजा नव्हता आणि राण्याही नव्हत्या. होतं एक धुळकट गाव. त्याच्या टोकाला कुडाचं एक इवलंसं घर, आणि त्या घरात राहायचे हैबती सनईवाला आणि त्याची नऊ वर्षांची बकुळा.

बकुळाला आई नव्हती. तिच्या परकराला तीन ठिगळं होती, एक अंजिरी, एक पोपटी, एक हळदी. लांबून ती फुलपाखरासारखी दिसायची. जवळ गेलं की भुकेली दिसायची.

हैबती लग्नांत सनई वाजवायचा. लग्नं चार महिने आणि पोट बारा महिने, हा हिशोब देवाने कसा घातला कुणास ठाऊक. हैबती सनई वाजवायचा तेव्हा बकुळा त्याच्या मागे बसून सूर धरायची. सूर म्हणजे दुसरी, साधी सनई. तिच्यातून एकच स्वर निघतो आणि तो तुटू द्यायचा नसतो. पुढची सनई नाचते, बागडते, लाजते, आणि मागचा सूर पाट मांडल्यासारखा बसून राहतो. बकुळाचे इवले इवले गाल दुखून लालबुंद व्हायचे, पण सूर हलायचा नाही.

हैबती तिला सांगायचा, "सनई तेवढी गाणं. बाकी सगळा गलका."

एकदा बकुळा धनगरांचं एक गाणं गुणगुणत केर काढत होती, तर त्याने तिच्या पाठीत धपाटा घातला. "माझ्या घरात हलकं काही नको," म्हणाला. मोठ्यांचं असंच असतं. त्यांना एक गोष्ट येते, मग जगात तेवढी एकच गोष्ट आहे असं ते पोरांना शिकवतात. वर त्याला वळण लावणं म्हणतात.

पण खोटं कशाला बोला, बकुळाला सनई खरंच आवडायची. बाबांनी पहाटेची धून लावली की तिला वाटायचं, कुणीतरी आभाळाच्या कडेला केशराचं बोट लावतंय. बारीक बारीक सोनेरी मणी ओघळत येतायत आणि आपल्या ठिगळांवर येऊन बसतायत. पोटात काही नसलं तरी त्या वेळी भूक लागायची नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोन दिवस चूल पेटली नाही. बकुळा लाकडं आणायला बाभूळबनात गेली. बन फुलून आलं होतं. फांदीफांदीवर पिवळेधमक गोंडे, कुणी हळदीचे पिटुकले चेंडू टांगावेत तसे. आणि एका गोंड्याशेजारी काहीतरी चमचम, चमचम करत थरथरत होतं.

ती परी होती. करंगळीएवढी. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे, निळसर आणि पारदर्शक, आणि त्यातला एक लांबलचक काट्यात अडकला होता.

"हलू नकोस गं," बकुळा म्हणाली. "हललीस की फाटेल."

तिने काटेरी जाळीत हात घातला. कोपरापर्यंत ओरखडे उठले, रक्ताचे डाळिंबी थेंब आले. पण पंख अलगद सुटला, त्यावरची चांदीची भुकटीसुद्धा सांडली नाही.

परीने पंख झटकून पाहिला. मग ती बकुळाच्या रक्ताळलेल्या बोटावर उतरली. "तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन," ती म्हणाली. तिचा आवाज दुधात साखर विरघळावी तसा होता. "पण नियम आहेत. दिलेलं परत घेता येत नाही. आणि जे मागशील ते इतकं मिळेल, की त्याला जागा करायला बाकीचं उठून जाईल. म्हणून बेताने माग."

बकुळाने जेवण मागितलं नाही, नवा परकर मागितला नाही. तिच्या डोळ्यांसमोर बाबा आले, सनई फडक्यात गुंडाळून आढ्याकडे बघत बसलेले.

"माझ्या बाबांची सनई बारा महिने वाजू दे. सगळीकडे. दुसरं काही नको."

"दुसरं काहीच नको? नक्की?"

"नक्की. बाकी सगळा गलका असतो."

हे बोलणं तिचं नव्हतं. ते बापाचं होतं, तिच्या तोंडात ठेवलेलं. परी बोटावरून उडाली.

दुसऱ्याच दिवशी बोलावणी सुरू झाली. बारशाला सनई, साखरपुड्याला सनई. कुणाची म्हैस व्याली तरी सनई. पाटलाने नवे जोडे घेतले, त्यालाही सनई. चुलीवर तांदूळ शिजू लागला, वरणावर तुपाचा पिवळा चांदवा तरंगू लागला. बकुळा धून ऐकता ऐकता जेवायची आणि जेवता जेवता हसायची. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी कावळ्याने चोच उघडली तर आतून सनई आली.

मग मैना बोलल्या, सनई. चक्की फिरली, सनई. माणसांचं साधं बोलणं तेवढं वाचलं. धनगरांनी ढोलावर टिपरी मारली आणि ढोलातूनही सनईच निघाली, तर ते बिचारे ढोल पाठीला लावून दुसऱ्या मुलखात निघून गेले. गावातल्या मोठ्यांना यात काही वावगं वाटलं नाही. पाटील म्हणाले, "गावाला शिस्त आली." शाळेतल्या गुरुजींनी मान डोलावली. त्यांची मान तेवढ्यासाठीच होती.

हैबती आधी फुशारला. म्हणाला, "बघ, आता कळली लोकांना किंमत." पण महिन्याभरात त्याचे ओठ चिरले. सनईच्या तोंडाला असते त्या ताडपत्तीची चव जिभेला बसली. तरी बोलावणी थांबेनात, आणि नाही म्हणायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि बकुळा? पुरणपोळी किती आवडीची असली तरी रोज दोन्ही वेळा, वर न्याहारीला तीच, वर पाण्याऐवजीही तीच, असं झालं तर काय होईल? तिचं तेच झालं. केशराचं बोट दिसेना. सोनेरी मणी येईनात. सनई कानात शिरायची आणि खडा पडावा तशी पडून राहायची. बकुळाला वाटलं, आपल्यातच काहीतरी मेलं असेल. हे सांगायचं कुणाला? बाबांना कसं सांगणार?

सांगावं लागलंच नाही. एका सकाळी हैबती अंगणात बसला, चिरलेल्या ओठांना लोणी लावलं, आणि कुणी बोलावलेलं नसताना, फक्त लेकीसाठी, तिच्या आवडीची पहाटेची धून लावली. बकुळा दारात उभी होती. तिचे हात आपोआप वर गेले. तिने दोन्ही कान गच्च दाबले आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा बाबा तिच्याकडे बघत होते.

त्यांनी सनई फडक्यात गुंडाळली, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्याही दिवशी नाहीत. आणि सनई? ती चालूच होती. माठातून, कौलांतून, बिजागरीतून. वाजवणारा गप पडला तरी तिला फरक पडत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी शेजारची कोंडामावशी आली. तिच्या खांद्यावर तिची तान्ही बाळी होती, सुकलेल्या तोंडल्यासारखी.

"बके, तुझ्या बापाला सांग गं, घटकाभर गप बस म्हणावं. पोरगी महिना झाला धड झोपली नाही. मी अंगाई म्हणायला जाते तर माझ्या तोंडातून पिपाणी निघते. आता ती दूधही सोडायला लागली."

"मावशे, ते वाजवत नाहीत. निजलेत ते."

"मग कोण वाजवतंय?"

बकुळाने मान खाली घातली.

"पाटलाकडे गेले होते," कोंडामावशी म्हणाली. "म्हणाला, 'आमच्या वेळची पोरं कशातही झोपायची.' ह्यांच्या वेळची पोरं निम्मी मेली, ते नाही सांगत कुणी."

बाळीने तोंड उघडलं. रडायचं होतं तिला. पण त्या एवढ्याशा गुलाबी तोंडातूनही लग्नातली सनई निघाली. कोंडामावशीने तिच्या तोंडावर पदर धरला आणि ती स्वतः रडली, आवाज न करता, कारण रडण्याचासुद्धा तोच आवाज झाला असता.

बकुळा धावत बाभूळबनात गेली. गोंडे करपून तपकिरी झाले होते. परी एका फांदीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"मला माझी आवड परत दे," बकुळा म्हणाली. "मी कान झाकले ते बाबांनी बघितलं. आता ते मरतील."

"देईन. तुझी दुसरी इच्छा शिल्लक आहे. सनई पुन्हा गोड लागेल आणि आयुष्यभर लागेल. तू घरी जाशील, ऐकशील, आणि तुझे बाबा तुझं तोंड बघून उठतील."

"आणि बाळी?"

परीने पंख मिटून घेतले.

"बाळीची अंगाई मागितली तर?"

"तर अंगाई येईल. कावळे, मैना, ढोल, सगळे आपापल्या आवाजात येतील. पण पहिली इच्छा मला परत घेता येत नाही. भरलेलं गाडगं आहे ते, जागा हवी तर ओतून टाकावं लागेल. तुझ्या बाबांची सनई मुकी होईल. पुन्हा कधी बोलेल, बोलेल की नाही, ते मला ठाऊक नाही. तुझा सूर तेवढा राहील. तो तू मागितला नव्हतास."

"आणि माझी आवड?"

"ती तू गमावलीस तशी गमावलेली."

बकुळा खूप वेळ काट्यांत बसून राहिली. सगळीकडून सनई येत होती. बाबांचे ओठ आठवत होते, बाळीचं तोंड आठवत होतं. शहाणपणा शिकवायला तिथे कुणी मोठं नव्हतं, हे एक बरं झालं.

"बाळीने काय केलंय?" ती शेवटी म्हणाली. "तिला झोपू दे."

निळसर पंख एकदा फडफडले. आणि जगात एवढी शांतता पसरली, की बकुळाला पहिल्यांदा मुंगीच्या पायाखालचं पान ऐकू आलं. मग एक कावळा ओरडला, आपल्या घाणेरड्या, कर्कश्श, स्वतःच्या आवाजात.

ती घरी आली तेव्हा पलीकडून कोंडामावशीची अंगाई येत होती. बेसूर आणि ओबडधोबड, मध्येच हुंदका. बाळी झोपली होती.

हैबती उठून बसला होता. त्याने सनई ओठांना लावली. नुसती हवा आली. पत्ती बदलली. हवाच.

"मी केलं," बकुळा म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. परी, इच्छा, आणि ते 'दुसरं काही नको'.

हैबतीने तिला मारलं नाही. "हे शब्द तुला कुणी शिकवले?" एवढं विचारलं. आणि तिने उत्तर द्यायच्या आधी त्यालाच कळलं, म्हणून त्याने मान फिरवली. चुकलो, असं म्हणायला त्याला जमलं नाही. मोठ्यांना ते शेवटपर्यंत जमत नाही.

बोलावणी बंद झाली. तूप गेलं, मग वरण गेलं, मग पुन्हा मीठभाकर. ज्यांनी म्हशीसाठी सनई बोलावली होती त्यांनी ताकसुद्धा दिलं नाही. हैबती भिंतीशी बसून राहायचा. बकुळाला तर काहीच ऐकावंसं वाटत नव्हतं.

पण कोंडामावशी एक दिवस म्हणाली, "ये गं, मी दळताना म्हणते त्याला धर तुझा तो सूर. एकटीचं घशात अडकतं." बकुळा गेली. मग धनगर परतले, ते म्हणाले आमच्याही मागे बस. तेल्याच्या घाण्याची कुरकुर, टिटवीचं ओरडणं, बोहारणीची हाळी, तिने सगळ्यांमागे बसून बघितलं. कुणी भाकरी दिली, कुणी कांदा दिला, कुणी काहीच नाही. काही गाणी तिला आवडली, काही मुळीच नाही. कानांत बसलेले खडे एक एक करून निघत होते, इतके हळू, की तिला कळतही नव्हतं.

हैबती आधी दारापर्यंत आला. मग जोत्यापर्यंत. मग एका दिवशी तो कोंडामावशीच्या जात्यापाशी येऊन बसला, लेकीच्या मागे. जन्मभर पुढे बसलेला माणूस.

असे पाच महिने गेले. लग्नसराई आली आणि सनईशिवाय निघून गेली.

आणि मग एका संध्याकाळी, आभाळ पिकल्या पेरूसारखं आतून गुलाबी झालेलं असताना, हैबतीने कोंडामावशीच्या जात्यापाशी बसल्या बसल्या सवयीने सनई ओठांना लावली आणि तिने एक स्वर दिला. खरखरीत, आजाऱ्यासारखा. मग दुसरा. धून जुनीच होती, पण मध्येच ती जात्यावरच्या ओवीसारखी वळली, एका ठिकाणी ढोलासारखी थबकली. रस्त्याने जाणारे पाटील म्हणाले, "ही कसली सनई, भेसळ सगळी." त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

बकुळाच्या अंगावर काटा आला. कुठूनसा एक बारकासा सोनेरी मणी घरंगळत तिच्या हळदी ठिगळावर येऊन बसला.

कौलांच्या कडेला परी बसली होती. तिने काही दिलं नव्हतं. ती नुसती ऐकायला आली होती. तिचे पंख आधी निळे झाले, मग गुलाबी, मग त्यांतून आरपार उजेड आला, आणि उजेड तेवढा उरला.

धून संपली. हैबतीने सनई खाली ठेवली.

"आणखी वाजवा ना, बाबा," बकुळा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"नको," तो म्हणाला. "आज एवढंच. कोंडाबाय, तुझं होऊ दे आता."