येसू माळणीची ठिपक्यांची लेक

पांघरुणं घ्या अंगावर. आणि मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत. नमे, तुलाच सांगतेय.

एक होती राणी, आणि तिच्या बागेत राबायची येसू माळीण. बागेत मोगरा, शेवंती, जास्वंद, काय म्हणाल ते. पण येसूच्या पोटी मूलबाळ नव्हतं. एकदा तिने रानातून सुरणाचा कंद आणून लावला. मग पावसात एकच पान वर आलं, छत्रीएवढं, देठावर नुसते ठिपके. येसू म्हणाली, "किती देखणी गं तू." तशी पानाआडून एक मुलगी खाली उतरली. तिच्या पायांवरही तसेच ठिपके, बरं का. "आई," म्हणाली.

राणीने नाक मुरडलं. "ना फूल, ना वास. भाजीचं झाड ते, मोरीपाशी लाव." मग मायलेकी मोरीपाशी राहिल्या. तिकडे कुणी फिरकायचं नाही. येसूला त्याचं काय? ती आपली लेकीकडे बघत बसायची.

पावसाळा सरला. पान पिवळं पडलं, लेक मलूल झाली. म्हणाली, "आई, मला झोप आलीय. मातीखाली निजते. पाऊस आला की येईन. तोवर मला उकरू नकोस." आणि गेली मातीत.

शेजारणी म्हणाल्या, "मेलं गं ते, आशा सोड." मेल्यांना गप्प बसवत नाही. येसूने माती उकरली. कंद टणक होता. मग झाकला. पण तिला राहवेना. पुन्हा उकरला, तर जरा सुकलेला. मग घाबरून तिसऱ्यांदा कुदळच घेतली, आणि घाव कंदावर बसला. कोंब तुटला, कंदाचे तुकडे झाले. येसू फार रडली. तुकडे तिने परत मातीत ठेवले.

पाऊस आला. त्या वर्षी बागेला कीड लागली होती, बघायला काही उरलं नव्हतं. तेव्हा कुठे राणीची नजर मोरीकडे गेली. तिथे इवली इवली ठिपक्यांची रोपं उगवली होती. राणी हरखली. तिने कुंड्या भरून दारात मांडल्या. राजा खूश, राणी खूश, सगळे सुखाने नांदले.

येसू एकेका रोपापाशी वाकून हाक मारायची. एकही "आई" म्हणालं नाही. तरी ती रोज पाणी घालायची.

नाही नमे, लेक परत आली नाही. आता डोळे मीट. झोपलीस की नाही ते बघायला मी पांघरूण उचलणार नाही.