'उद्या' नावाचा ढीग

एका डोंगरमाथ्यावर एक म्हातारा लाकूडफोड्या राहत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो छाती फुगवून सांगे, "या अख्ख्या डोंगरावर माझ्या तोडीचा लाकूडफोड्या नाही!" आणि समोरच्यानं मान डोलवायच्या आत स्वतःच डोळा मिचकावी, "आता डोंगरावर घरच माझं एकटं, त्याला मी काय करू?"

हात मात्र खरोखर वस्ताद. एक घाव, दोन तुकडे. दुसरा घाव घालायची त्याला लाज वाटे. म्हणून गाठीचा, पीळ पडलेला ओंडका हाती आला की तो उचलून घरामागे भिरकावी. "याला उद्या बघू!" असं करता करता मागे एवढा ढीग साठला, की बायकोनं त्या ढिगाचं नावच 'उद्या' ठेवलं.

त्या पौषात थंडी अशी पडली, की रांजणातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला. लेक बाळंतपणाला आलेली. दिवस भरायच्या आधीच तिला मुलगी झाली, वितीएवढी. खालच्या गावची म्हातारी सुईण मुक्कामाला होती. ती म्हणाली, "पोर जगवायची असेल, तर बाजेखालची शेगडी विझू द्यायची नाही."

"मावशे, माझ्याकडं सूर्य विस्तव मागायला येतो!" म्हातारा म्हणाला. मग बाहेरच्या धुक्याकडे बघून पुटपुटला, "चार दिवस काही आला नाही म्हणा."

पाचव्या सकाळी त्यानं लाकडांच्या थप्पीत हात घातला. हात थेट भिंतीला लागला. फोडलेली लाकडं संपली होती. गावात जाऊन यायचं तर दिवस मावळणार, आणि धुक्यात वाट कुठली दिसायला!

बायको म्हणाली, "अहो, आला तुमचा 'उद्या'."

म्हाताऱ्यानं मागून एक गाठाळ ओंडका ओढून आणला. वरून ओला, आतून खणखणीत. घाव घातला. कुऱ्हाड उडून परत आली. दुसरा घातला. ओंडक्यानं नुसता टवका दिला.

तोवर घरातल्या काटक्या संपल्या. झाडू जळला, ताक घुसळायची रवी जळली, पाट जळला. बायको दारात येऊन सांगे, "चुलीत चार निखारे उरलेत." म्हातारा घाव घाली. "दोन उरलेत." म्हातारा घाव घाली. आता त्याच्या तोंडून एकही चेष्टा फुटत नव्हती. आतून पोरीचं रडणं येत होतं. मग ते बारीक झालं. मग येईनासं झालं.

त्यानं डोळे मिटून सगळ्या ताकदीनिशी कुऱ्हाड हाणली. पातं गाठीत रुतलं ते रुतलंच. ओढून निघेना, हलवून हलेना.

सुईण बाहेर आली. "अरे, फोडतोयस कशाला? चाळीस बाजांखाली शेगड्या पेटवल्यात मी. गाठ फोडायची नसते, अख्खी चुलीत घालायची असते. एकदा धरली की दिवसभर सोडत नाही."

"पण धरायला जाळ लागतो मावशे! घरात वाळकी काडी नाही."

सुईणीनं कुऱ्हाडीच्या दांड्याकडे बोट केलं.

तो दांडा धावड्याच्या चिवट लाकडाचा. बापानं तासलेला. तीस वर्षं तेल आणि घाम पिऊन आरशासारखा झालेला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

"लोक म्हणतात, कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ," सुईण म्हणाली. "तुझ्या गोताला तो तारतो का, ते तू ठरव. लवकर ठरव."

बायको दारात आली. तिनं या वेळी आकडा सांगितला नाही. नुसतं एक बोट वर केलं.

म्हाताऱ्यानं दगड उचलला आणि दांडा मुळापासून मोडला. कोयत्यानं चिरून त्याच्या कामट्या केल्या, शेवटच्या निखाऱ्यावर मांडल्या आणि छाती फुटेस्तोवर फुंकर घातली. एक कामटी तडतडली. तेल प्यालेलं लाकूड भडकन पेटलं. त्या जाळावर त्यानं पात्यासकट अख्खी गाठ ठेवली. आधी तिनं नुसता धूर ओकला. मग हळूहळू ती लाल झाली. शेगडी भरून बाजेखाली गेली.

सुईण पोरीचे तळवे चोळत बसली. मग पोरगी अशी रडली, की म्हाताऱ्याच्या गळ्यातला हुंदका कुणाला ऐकूच आला नाही.

दुसऱ्या सकाळीही गाठ धुमसतच होती. राखेत कुऱ्हाडीचं पातं पडलं होतं, धार गेलेलं, काळंठिक्कर.

बारशापर्यंत थंडी ओसरली. नात मांडीवर घेऊन म्हातारा पाहुण्यांना सगळी हकीकत रंगवून सांगत होता. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "तात्पर्य: सोपं आज आणि अवघड उद्या अशी वाटणी केली, की एक दिवस नुसतं अवघडच हाती उरतं!"

सुईण घुगऱ्या चावत होती. ती म्हणाली, "वा रे तात्पर्यवाल्या! मग मागं अजून अकरा ओंडके पडलेत, ते कधी उचलणार?"